ट्रॅकवर जा म्हणे! पण कुणाच्या?

‘एवढीच हौस आहे तर ट्रॅकवर जाऊन चालवा ना!’

हे वाक्य तुम्ही किमान दहा वेळा तरी ऐकलं असेल. ट्रॅफिक पोलीस म्हणतात, आई-बाबा म्हणतात, बिल्डिंगमधले काका म्हणतात. ज्यांनी आयुष्यात ट्रॅक बघितलेला नाही तेही म्हणतात. मी पण म्हणायचे. आणि अगदी छातीठोकपणे म्हणायचे, कारण मी मेकॅनिकलला आहे आणि आमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये सस्पेंशनचं काम करते. म्हणजे आपल्याला यातलं कळतं, असा माझा (गोड) गैरसमज होता.

आधीच सांगते, मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. मराठीत शेवटचा निबंध दहावीला लिहिला, तो पण ‘माझा आवडता ऋतू’. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. इंग्लिश सेक्शनमध्येच देणार होते, पण या विषयावर आमच्या घरात जी भांडणं झाली ती सगळी मराठीत झाली. ती इंग्लिशमध्ये कशी लिहायची तेच कळेना.

तर, भांडण असं.

माझा मावसभाऊ दर रविवारी सकाळी सहा वाजता मित्रांबरोबर लवासाच्या रस्त्याला जायचा. पुण्यातल्या बाईकवाल्यांना वेगळं सांगायला नको. वळणं छान, सकाळी ट्रॅफिक कमी, आणि एखाद्या वळणावर समोरून टेम्पो आला की संपलं. मीच त्याच्या मागे लागले, ‘दादा, हे बंद कर. ट्रॅक डे असतात, पैसे भर आणि तिथे चालव.’ मावशीनेही माझी बाजू घेतली. शेवटी तो एका ग्रुपबरोबर दुसऱ्या शहरातल्या एका गो-कार्टिंग ट्रॅकवर गेला. लेदर जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, चांगलं हेल्मेट, सगळं नीट घालून गेला. तिसऱ्या सेशनला सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक मारताना पुढचं चाक सुटलं. साधी पडझड. मोकळ्या जागेत झाली असती तर घसरत जाऊन उठून कपडे झटकले असते. पण वळणाच्या कडेला लगेच टायरची भिंत होती, टायर एकमेकांना बोल्टने आवळलेले आणि मागे काँक्रीट. त्याचा पाय दोन टायरच्या मधे गेला आणि बाकीचं शरीर पुढे गेलं. घोट्यात प्लेट, सात स्क्रू, चार महिने घरी.

हॉस्पिटलमध्ये मावशी मला फक्त एवढंच म्हणाली, ‘तूच म्हणाली होतीस ना गं, तिथे सेफ असतं म्हणून?’

मला उत्तर देता आलं नाही. आणि त्याच दिवशी दुपारी त्याच टायरच्या भिंतीवर एक कार्ट जाऊन आपटली होती, तो मुलगा हसत हसत बाहेर आला. दादानेच सांगितलं. तेच वळण, तीच भिंत. एकाला गंमत आणि दुसऱ्याला प्लेट. हे असं का, ते शोधायला मी बसले आणि त्यातून हा लेख झाला.

मूळ मुद्दा इतका साधा आहे की मला आधी सुचला नाही याची लाज वाटते. कारमधला माणूस गाडीबरोबर थांबतो. बाईकवरचा माणूस पडला की तो आणि गाडी वेगवेगळे होतात, आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. कारच्या ड्रायव्हरला बेल्ट आहे, सीट आहे, भोवती चासी आहे, फॉर्म्युला वनमध्ये तर २०१८ पासून डोक्यावर हेलो आहे. गाडी ज्या भिंतीवर आपटते ती भिंत, गाडीचं नाक, सगळं मिळून एनर्जी खातात आणि माणूस आत राहतो. बाईकवाल्याचं नाक म्हणजे त्याचं स्वतःचं नाक! म्हणून कारला कधी कधी भिंत जवळ असलेली चालते, उलट भिंत लांब असली तर गाडी जास्त वेगाने आणि वाकड्या कोनात येऊन आदळेल अशी भीती असते. बाईकवाल्याला भिंत नकोच असते. जितकी लांब तितकी बरी.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. यासाठी माणसं गेलेली आहेत.

इटलीतला मोंझा ट्रॅक १९२२ सालचा. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध ट्रॅकपैकी एक. १९६० च्या दशकात कार रेसिंगमध्ये इतके ड्रायव्हर मरत होते की ड्रायव्हर लोकांनीच आवाज उठवला. जॅकी स्टुअर्ट १९६६ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पावसात ट्रॅकबाहेर गेला आणि पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकून पडला. नंतर त्याने सुरक्षेची मोहीमच उघडली. बेल्ट लावा, डॉक्टर ठेवा, आणि ट्रॅकच्या कडेला लोखंडी गार्डरेल बसवा म्हणजे गाड्या झाडांत किंवा लोकांत जाणार नाहीत. मागणी शंभर टक्के बरोबर होती. त्याने कितीतरी ड्रायव्हर वाचले असतील.

पण त्याच ट्रॅकवर मोटरसायकलीही धावायच्या. रायडर लोकांची तक्रार होती की हे लोखंड आमच्या अंगाला लागून उभं आहे, आम्ही पडलो तर कुठे जायचं? २० मे १९७३ ला मोंझावर २५० सीसीची रेस सुरू झाली. पहिल्याच लॅपला कुर्वा ग्रांदे नावाच्या वेगवान वळणावर रेन्झो पासोलिनी पडला. त्याची बाईक गार्डरेलला लागून परत ट्रॅकवर आली आणि मागून येणाऱ्या यार्नो सारिनेनला लागली. मागचे दहा-बारा जण त्यातच पडले. पासोलिनी आणि सारिनेन दोघंही जागीच गेले. सारिनेन आदल्या वर्षीचा २५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन होता, स्वतः शिकलेला मेकॅनिकल इंजिनियर. का पडला यावर आजही वाद आहेत. कोणी म्हणतं आधीच्या रेसमध्ये ट्रॅकवर ऑइल सांडलं होतं, कोणी म्हणतं पासोलिनीचं इंजिन जाम झालं. पण बाईक ट्रॅकवर परत का आली यावर वाद नाही. तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

आणि खरा राग यानंतरचा आहे. दोन महिनेही झाले नाहीत तोवर, त्याच वर्षी जुलैमध्ये, त्याच वळणावर ज्युनियर रेसमध्ये आणखी तीन रायडर गेले. तीच कड, तेच लोखंड. मे महिन्यात काय घडलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं!

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण यात कोणी व्हिलन नाही. गार्डरेल बसवणाऱ्यांनी ते जीव वाचवण्यासाठीच बसवलं होतं. फक्त कुणाचा जीव, हे विचारायचं राहून गेलं.

तुम्ही म्हणाल, ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. मग अलीकडची घ्या. जपानचा सुझुका ट्रॅक होंडाने १९६२ मध्ये बांधला, म्हणजे मोटरसायकल कंपनीचाच ट्रॅक! फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर या ट्रॅकवर जीव ओवाळून टाकतात. एप्रिल २००३ मध्ये मोटोजीपीच्या सीझनची पहिली रेस तिथे होती. दाइजिरो कातो, होंडाचा जपानी रायडर, घरच्या ट्रॅकवर, शेवटच्या शिकेनच्या आधी बाईकवरचा ताबा सुटून कडेच्या बॅरियरवर गेला. दोन आठवडे कोमात होता, २० एप्रिलला गेला. त्यानंतर मोटोजीपी सुझुकाला परत गेली नाही, जपानची रेस मोतेगीला हलवली. फॉर्म्युला वन मात्र तिथे आजही होते. एकच ट्रॅक, एका खेळाला जगात भारी, दुसऱ्या खेळाला बाद.

(इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की सुझुकाची आठ तासांची मोटरसायकल रेस १९७८ पासून आहे आणि अजूनही होते. त्यामुळे ‘बाद’ हा शब्द जरा जास्त झाला. पण मोटोजीपीने त्या वेगाला ती जागा पुरत नाही असं ठरवलं, आणि होंडाचा ट्रॅक असूनही ठरवलं, हे लक्षात घ्या.)

आता कडेची जमीन. हा भाग मला इंजिनियर म्हणून सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला, त्यामुळे जरा सहन करा. पूर्वी वळणाच्या बाहेर खडीचे पट्टे असायचे. कार खडीत गेली की रुतते, किंवा आडवी गेली तर उलटते. शिवाय बाहेर काढायला क्रेन लागते. म्हणून कारवाल्यांच्या सोयीने बऱ्याच ट्रॅकवर खडी काढून तिथे डांबर आलं. कारला डांबर उत्तम, चार चाकं जमिनीवर आहेत, ब्रेक मार आणि थांब. पण बाईकवाला पडलेला असतो! त्याला कुठला ब्रेक? तो लेदरवर घसरतोय आणि मागून किंवा पुढून त्याचीच दीडशे किलोची बाईक घसरतेय. खडीत तो दोन-चार कोलांट्या खाईल, हाडही मोडेल कदाचित, पण थांबेल. डांबरावर तो थेट भिंतीपर्यंत जातो. जून २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या ट्रॅकवर लुईस सालोम नावाचा मोटो-टूचा रायडर प्रॅक्टिसमध्ये पडला तो असाच. त्या जागी रन-ऑफ डांबराचा होता. घसरत जाऊन तो बॅरियरपाशी स्वतःच्याच बाईकवर आदळला आणि गेला. नंतर तिथे खडी आली.

पण या गोष्टीला एक शेपूट आहे आणि ते माझ्या सोयीचं नाही, तरी सांगते. सालोमनंतर त्याच वीकेंडला रेस घ्यायची होती, तेव्हा रायडर लोकांनी कुठला रस्ता वापरला? फॉर्म्युला वनवाल्यांचा! कारण कारसाठी तिथे शिकेन टाकून वेग कमी केलेला होता. म्हणजे ‘कारचा ट्रॅक वाईट, बाईकचा चांगला’ असं सरळ गणित नाहीच. ऑस्ट्रियाच्या रेड बुल रिंगवर २०२० मध्ये झार्को आणि मोर्बिदेल्ली एकमेकांना लागून पडले, आणि त्यांच्या रायडर नसलेल्या बाईक पुढच्या वळणावर ट्रॅक ओलांडून उडत गेल्या. व्हॅलेंटिनो रॉसीच्या अगदी समोरून! यूट्यूबवर बघा, पोटात गोळा येतो. २०२२ मध्ये तिथे बाईकसाठी नवीन शिकेन केली. ट्रॅक तोच, पण कोणीतरी बसून विचार केला की इथे बाईक एकटी सुटली तर कुठे जाईल.

आपल्याकडेही हे झालंय. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट फॉर्म्युला वनसाठी बांधला, २०११ ते २०१३ तीन रेस झाल्या आणि मग सगळं थंड. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे मोटोजीपी आली. फॉर्म्युला वनची पहिल्या दर्जाची मान्यता एकदा मिळाली होती म्हणून ट्रॅक तसाच चालला का? नाही. मोटरसायकलच्या जागतिक संस्थेची, एफआयएमची मान्यता वेगळी लागते. त्यासाठी ट्रॅकमध्ये बदल करावे लागले, ५.१२५ किलोमीटरचा रस्ता बाईकसाठी ४.९६ चा झाला. रेस मार्को बेझेकीने जिंकली. उन्हाळा इतका होता की रेसचे लॅप २४ वरून २१ केले. पुढच्या वर्षीची रेस मात्र रद्द झाली, ते वेगळंच दुःख.

मला यातून एवढंच घ्यायचंय. फॉर्म्युला वनसाठी बांधलेल्या, तीनदा वापरलेल्या ट्रॅकलाही बाईकसाठी नव्याने परीक्षा द्यावी लागली. मग आपल्या गावाबाहेरच्या कार्टिंग ट्रॅकला का नको?

हो, आता येते मूळ दुखण्यावर.

फेब्रुवारीतल्या टेकफेस्टला आपल्या बाईक क्लबने ‘ट्रॅक डे’ ठेवलाय. पोस्टर तुम्ही कँटीनमध्ये बघितलंच असेल, ज्वाळा वगैरे. हायवेवरचा एक कार्टिंग ट्रॅक दिवसभरासाठी घेतलाय, दीडशे-दोनशे सीसीच्या आपापल्या बाईक आणायच्या. कॉलेजने परवानगी दिली, कारण पत्रात लिहिलंय ‘सुरक्षित ट्रॅकवर’. क्लबमधली मुलं माझे मित्र आहेत, हेतू अगदी चांगला आहे. रस्त्यावर मरण्यापेक्षा बरं, हाच. माझाही हाच हेतू होता हो, दादाच्या वेळी.

मला दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या. पहिली, ‘कार्टिंग ट्रॅकवर वेग किती, साठ-सत्तर.’ दुसरी, ‘परदेशात लहान मुलं कार्टिंग ट्रॅकवरच बाईक शिकतात.’ दुसरी गोष्ट खरी आहे. रॉसी स्वतः मिनीमोटोवर शिकला. मुलांच्या मिनीजीपी स्पर्धा कार्टिंग ट्रॅकवरच होतात, भारतातही २०२२ पासून त्या सुरू झाल्या. पण त्या बाईक छोट्या, वजनाला हलक्या असतात, आणि ट्रॅक बाईकसाठी तपासलेला असतो. आपण घरची दीडशे किलोची बाईक घेऊन जाणार.

पहिल्या गोष्टीसाठी मी गेल्या शनिवारी रूममेटला घेऊन त्या ट्रॅकवर गेले. कार्टचं तिकीट काढलं (कार्ट मस्त आहेत, खोटं कशाला बोलू) आणि मालकांना विचारून टेपने मोजलं. सगळ्यात लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ट्रॅकच्या कडेपासून टायरच्या भिंतीपर्यंत चार मीटर. त्यातही पहिला मीटरभर गवत, पुढे डांबर.

आता आपण सगळे इंजिनियर, हे तोंडी होईल. समजा रायडर ताशी साठने पडला आणि घसरण्याचा मिव ०.६ धरला. थांबायला साधारण चोवीस मीटर लागतात. आपल्याकडे चार आहेत. त्या चार मीटरमध्ये वेग किती कमी होतो? साठचा पंचावन्न. बस! म्हणजे तो पंचावन्नने बोल्ट लावलेल्या टायरवर जाणार. मिव ०.८ धरा, थोडा फरक पडेल, उत्तर बदलणार नाही. कोनात गेला तर कमी लागेल, मान्य. दादा कोनात गेला नव्हता.

आणि हे फक्त भिंतीचं झालं. मोठ्या ट्रॅकवर बॅरियरच्या पुढे हवा भरलेल्या गाद्या लावतात, त्यांना एअर फेन्स म्हणतात. मोटोजीपीच्या सगळ्या गटांत रायडरच्या सूटमध्ये एअरबॅग २०१८ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे स्पॉन्सरचे टी-शर्ट आहेत.

एक शंका मला स्वतःलाच छळते, ती पण लिहिते. भिंत कितीही लांब नेली तरी बाईक रेसिंग सेफ होत नाही. सेपांगला २०११ मध्ये सिमोन्चेल्ली गेला तो भिंतीने नाही, मागून आलेल्या बाईकने. मुजेल्लोला २०२१ मध्ये दुपास्किए गेला तोही तसाच, आणि मुजेल्लो तर बाईकवाल्यांचा लाडका ट्रॅक. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर नॅशनल चॅम्पियनशिपमध्ये बंगळूरचा तेरा वर्षांचा मुलगा गेला, पडल्यावर मागच्या बाईकखाली आला. तेरा वर्षं. मग मी टेप घेऊन कशाला फिरतेय? याचं उत्तर माझ्याकडे अर्धवटच आहे. मागच्या बाईकचं काही करता येत नाही, निदान एका वेळी कमी बाईक सोडता येतात आणि नवख्यांचा गट वेगळा करता येतो. भिंतीचं मात्र करता येतं. जे करता येतं ते न करता ‘खेळच धोक्याचा आहे’ म्हणणं मला पटत नाही.

जानेवारीत आम्ही फॉर्म्युला भारतसाठी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर गेलो होतो. तिथे आमच्या विद्यार्थ्यांच्या गाड्या कोन लावून आखलेल्या रस्त्यावर पळतात. कोन पाडला तर दोन सेकंद पेनल्टी. त्याआधी ब्रेक टेस्ट, टिल्ट टेस्ट, ड्रायव्हर पाच सेकंदांत गाडीबाहेर येतो का ते बघतात. आमची गाडी पहिल्या दिवशी ब्रेक टेस्टला नापास झाली आणि आम्ही रात्रभर रडलो. म्हणजे चार चाकं आणि रोल हूप असलेल्या गाडीला एवढी तपासणी, आणि आपल्या फेस्टमध्ये दोन चाकांना एक फॉर्म, त्यावर पालकांची सही.

माझं म्हणणं ट्रॅक डे बंद करा असं अजिबात नाही. बंद केला तर पुढच्या रविवारी हीच मुलं लवासाला दिसतील. माझं म्हणणं आहे की सरळ रस्त्याच्या मध्यावर कोनची शिकेन टाका, म्हणजे शेवटी वेग तीसच्या आत येईल. तीसला थांबायला सहा मीटर लागतात, चार मीटर फार कमी राहत नाहीत. त्या एका वळणावर टायरच्या पुढे गवताच्या पेंढ्या किंवा फोमच्या गाद्या लावा. एका वेळी पाचच बाईक. अँब्युलन्स फोनवर नाही, गेटवर. आणि पत्रातलं ‘सुरक्षित ट्रॅक’ खोडून ‘कार्टिंग ट्रॅक’ लिहा, म्हणजे सही करणाऱ्याला कळेल तो कशावर सही करतोय.

क्लबच्या मीटिंगमध्ये हे मांडलं तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, ‘मुलींना भीती वाटतेच.’ त्याचं नाव लिहीत नाही. दादा आता काठीशिवाय चालतो, पावसात घोटा दुखतो म्हणतो. बाईक विकलेली नाही. मागच्या आठवड्यात त्याने मला फोन करून विचारलं, ‘तुमच्या कॉलेजचा ट्रॅक डे आहे म्हणे, येऊ का?’ मी म्हटलं, गुरुवारच्या मीटिंगनंतर सांगते.

टेप माझ्या रूमवर आहे. ज्यांना माझ्या चार मीटरवर विश्वास नाही त्यांनी घेऊन जावी, फक्त परत आणून द्या, वर्कशॉपची आहे.